दिवाळी अंकाचं काम एका तक्त्यावर: फुकट ऑनलाइन साधनं वापरून गटाचं काम कसं चालवायचं

आठ-दहा हौशी मंडळी मिळून दिवाळी अंक काढतात, तेव्हा लेख उशिरा येतात ही तक्रार सगळेच करतात. माझा अनुभव असा की त्याहून जास्त वेळ शोधाशोधीत जातो. "कातळशिल्पांवरचा लेख आत्ता कुणाकडे आहे?" असा प्रश्न व्हॉट्सॲपच्या गटावर पडतो. तिघं तीन उत्तरं देतात आणि चौथा एक वर्डची फाइल टाकतो, जिच्या नावात 'फायनल' आणि 'नवीन' असे दोन्ही शब्द असतात. लेखकाने शेवटी केलेल्या दुरुस्त्या तिच्यात आहेत की नाहीत, हे कुणालाच सांगता येत नाही.

हे टाळायला विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगलच्या फुकट खात्यातले ड्राइव्ह, डॉक्स, शीट्स आणि फॉर्म्स पुरेसे आहेत. मात्र एक नियम सगळ्यांनी पहिल्या दिवशी मान्य करायला हवा: बोलणं व्हॉट्सॲपवर, नोंद तक्त्यात (म्हणजे शीट्समधल्या एका सामाईक फाइलीत). तक्त्यात जे नाही ते ठरलेलं नाही. हा नियम पाळला गेला तर पुढचं सगळं सोपं आहे.

मी दिवाळी अंक धरून लिहिते आहे, कारण ते काम मला आतून माहीत आहे. तुम्ही संमेलन भरवत असाल किंवा परदेशातल्या मंडळाचा गणेशोत्सव सांभाळत असाल, तर रकान्यांची नावं बदला. पद्धत तीच राहील.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- गटातल्या प्रत्येकाचा जीमेल पत्ता, खरोखर वापरात असलेला
- निदान दोघांकडे संगणक (मोबाइलवर तक्ता भरता येतो, उभारताना मात्र त्रास होतो)
- अंकाच्या नावाचं एक वेगळं गूगल खातं
- छापखान्याकडून आणि पानं लावणाऱ्याकडून लेखी उत्तरं: अंकाचा आकार, फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं) किती पानांचा, एका पानात साधारण किती शब्द बसतात, मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) चालेल का

यातला शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. पानं लावणारा पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या फॉन्टवर काम करत असेल, तर तुमचा युनिकोडमधला मजकूर त्याला रूपांतरित करून घ्यावा लागतो आणि त्यात नव्या चुका शिरतात. इनडिझाइनवर युनिकोडमध्ये काम करणारा माणूस मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी त्यालाच घ्या.

१. साधन निवडा, पण त्यावर आठवडा घालवू नका

मायक्रोसॉफ्टचं वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतं, साठवणुकीला ५ जीबी मिळतात. चेन्नईच्या झोहोचीही अशीच साधनं आहेत. मजकूर फार गोपनीय असेल तर क्रिप्टपॅड आहे, त्यात फाइल कूटबद्ध होऊनच साठते. सगळी चांगली आहेत. तरीही मी गूगल सुचवते, कारण अँड्रॉइड फोन असलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे जीमेल खातं असतंच आणि सत्तरीतल्या संपादकांना नवा पासवर्ड लक्षात ठेवायला लागत नाही. ट्रेलोसारखे कार्डांचे फळे दिसायला छान असतात, पण दहा-बारा जणांच्या गटाला दोन ठिकाणी नोंद ठेवणं झेपत नाही. एकच जागा ठेवा.

२. खातं अंकाचं काढा

कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर सगळा पसारा मांडू नका. तो माणूस पुढच्या वर्षी गटात नसेल तर अंकाचा इतिहास त्याच्याबरोबर जातो. अंकाच्या नावाने नवं खातं काढा. पासवर्ड दोघांकडे ठेवा. दुहेरी पडताळणी सुरू करा आणि गूगल देतं ते दहा बॅकअप कोड छापून कोषाध्यक्षांच्या फाइलमध्ये लावा, म्हणजे ज्याच्या फोनवर पडताळणी येते तो प्रवासात असला तरी काम अडत नाही.

फुकट खात्यातला एक बारकावा समजून घ्या. तुमच्या फोल्डरमध्ये दुसऱ्याने नवी फाइल तयार केली, तर तिची मालकी त्याचीच राहते. त्याने ती आपल्या खात्यातून पुसली तर तुमच्या हातात काही उरत नाही. म्हणून लेखांच्या फाइली अंकाच्या खात्यातूनच तयार करायच्या आणि मग इतरांना हक्क द्यायचे. सामाईक ड्राइव्ह ही सोय, जिथे फाइल माणसाऐवजी संस्थेच्या मालकीची असते, फुकटच्या वैयक्तिक खात्यात मिळत नाही. तुमची संस्था न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असेल, तर गूगलच्या ना-नफा संस्थांसाठीच्या योजनेत अर्ज जरूर करा.

जागा १५ जीबी, आणि तीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. नुसत्या मजकुराला ती भरपूर आहे. चित्रांना नाही. ए-फोर आकाराचं, ३०० डीपीआयचं, चार रंगांचं एक टिफ चित्र न दाबता साधारण ३५ एमबी घेतं. मुखपृष्ठाचे सगळे कच्चे आराखडे चित्रकाराकडेच राहू द्या. ड्राइव्हवर फक्त निवडलेलं चित्र आणा.

३. फोल्डर चारच

मजकूर, चित्रं, जाहिराती, प्रूफं (छपाईआधी तपासायची लावलेली पानं). पाचवा काढायचा मोह आवरा. फाइलीच्या नावात सुरुवातीला तक्त्यातला क्रमांक घाला: '१४-कातळशिल्पं'. 'फायनल' हा शब्द फाइलीच्या नावात वापरायचा नाही असं ठरवून टाका.

४. मुख्य तक्ता उभारा

हे या सगळ्या कामाचं हृदय आहे, म्हणून इथे एक संध्याकाळ द्या.

नवी शीट उघडली की सर्वांत आधी 'फाइल' मेनूतल्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन देश भारत आणि वेळ कोलकात्याची आहे ना ते बघा. तिथे अमेरिका असेल तर कुणी ०५/०८ लिहिलं की शीट ते ५ ऑगस्टऐवजी ८ मे समजते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. परदेशातल्या सदस्याने शीट काढली असेल तर हे हमखास होतं. ही निवड फाइलीला लागू असते, त्यामुळे एकदा बदलली की सगळ्यांसाठी बदलते.

मग रकाने करा: क्रमांक, लेखाचं नाव, लेखक, विभाग, अवस्था, आता कुणाकडे, पुढची तारीख, शब्द, अंदाजे पानं, लेखाची लिंक, शेरा. एक लेख म्हणजे एक ओळ. भरलेली ओळ अशी दिसेल:

१४ | कातळशिल्पं आणि गावकरी | (लेखकाचं नाव) | लेख | संपादन | मेघना | २५ ऑगस्ट | २,४०० | ७ | (लिंक) | छायाचित्रांची परवानगी बाकी

या ओळीतले तीन रकाने जीव ओतून सांभाळायचे.

'अवस्था' हाताने लिहू देऊ नका. 'इन्सर्ट' मेनूतलं 'ड्रॉपडाउन' वापरून ठरावीक पर्याय द्या: मागितला, होकार आला, लेख आला, संपादन, लेखकाकडे, मुद्रितशोधन, पानं लावायला, प्रूफ, छापायला तयार. हाताने लिहू दिलं तर कुणी 'एडिटिंग चालू' लिहितो, कुणी 'बघतोय', आणि मग निवडून काहीच काढता येत नाही.

'आता कुणाकडे' या रकान्यात एकच नाव. 'संपादक मंडळ' चालणार नाही, दोन नावंही चालणार नाहीत. दोघांकडे असलेलं काम कुणाकडेच नसतं. लेख लेखकाकडे गेला असला तरी इथे गटातल्या त्या माणसाचं नाव राहतं ज्याने लेखकाच्या मागे लागायचं आहे.

'पुढची तारीख' म्हणजे पुढचं पाऊल ज्या दिवशी पडायला हवं तो दिवस. अवस्था बदलली की ही तारीखही बदलायची. या रकान्याला 'फॉरमॅट' मेनूतून 'कंडिशनल फॉरमॅटिंग' लावा: तारीख आजच्या आधीची असेल तर खाना लाल. सूत्र लिहावं लागत नाही, तयार पर्याय आहे. लेख छापायला तयार झाला की तिथे छपाईची तारीख टाका, म्हणजे पूर्ण झालेली कामं उगाच लाल दिसत नाहीत.

पानांचा रकाना सुरुवातीपासून भरा. तो रकाना निवडला की संगणकावर उजव्या कोपऱ्यात खाली बेरीज दिसते. १६ पानांचा फर्मा असेल तर १६० पानं म्हणजे बरोबर १० फर्मे. बेरीज १६३ झाली की तीन पानांसाठी खर्च वाढतो किंवा ऐन वेळी कुणाच्या तरी लेखाला कात्री लागते. हे ऑगस्टमध्ये कळलं तर लेखकाशी नीट बोलता येतं.

दोन सापळे. पहिला: कुणीतरी एकच रकाना निवडून तो अकारविल्हे लावतो, बाकीचे रकाने जागेवर राहतात आणि एकाचा लेख दुसऱ्याच्या नावावर जातो. क्रमांक, नाव आणि लेखक हे रकाने 'डेटा' मेनूतून संरक्षित करा. तरीही घडलंच तर घाबरू नका, 'फाइल' मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे, तिथून कालचा तक्ता परत आणता येतो. दुसरा: साधं 'फिल्टर' लावलं की ते सगळ्यांच्या पडद्यावर लागतं आणि लोकांना वाटतं ओळी पुसल्या गेल्या. आपल्यापुरतं बघायचं असेल तर 'फिल्टर व्ह्यू' करा. प्रत्येकाच्या नावाचा एक 'फिल्टर व्ह्यू' करून ठेवला तर ज्याला त्याला आपली कामं एका टिचकीत दिसतात.

५. तारखा उलट्या मोजा

अंक दसऱ्याला विक्रीला यायला हवा, तिथून मागे या. छपाई आणि बांधणीला किती दिवस, हे छापखान्याला विचारा आणि गणपतीत तिथले कामगार गावी जातात हे धरा, कोकणातले असतील तर नक्कीच. त्याआधी प्रूफं, त्याआधी पानं लावणं, त्याआधी संपादन. असं मोजत गेलं की लेख मागवायची तारीख बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा बरीच आधी येते. गेल्या वर्षीच्या तारखा जशाच्या तशा उचलू नका. अधिक मास आला की त्या वर्षी दिवाळी जवळपास तीन आठवडे पुढे जाते, आणि एरवी दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते.

६. लेखावरचं काम डॉक्समध्ये

लेख आला की तो अंकाच्या खात्यातल्या नव्या डॉकमध्ये घ्या आणि लिंक तक्त्यात टाका. वर्डची फाइल ड्राइव्हवर नुसती चढवली तर ती वर्डचीच राहते. 'फाइल' मेनूतून तिची डॉक करून घ्या आणि मूळ फाइल बाजूला ठेवा, नाहीतर दोन प्रती होतात आणि दोघं जण वेगवेगळ्या प्रतींवर काम करत बसतात.

आता हक्क. संपादकाला 'एडिटर', पण त्याने काम 'सजेस्टिंग' पद्धतीत करायचं, म्हणजे काय कापलं आणि काय घातलं ते रंगात दिसतं. लेखकाला 'कॉमेंटर'. या हक्काने त्याला शेरे देता येतात, बदल सुचवताही येतात, पण चुकून परिच्छेद पुसला जात नाही. आपल्या लेखात कुणी गुपचूप हात घातला नाही हे लेखकाला डोळ्यांनी दिसतं, आणि हौशी अंकात मानधन थोडं असताना हा विश्वासच मोठा असतो. 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय लेखांना कधीही देऊ नका. ती लिंक पुढे कुठे जाईल याचा नेम नाही, आणि पडद्यावर नावाऐवजी कुठल्यातरी अनामिक प्राण्याचं चित्र दिसतं. वाटण्याच्या खिडकीत वरच्या चाकावर टिचकी मारून 'एडिटर इतरांना हक्क देऊ शकतात' ही खूणही काढून टाका.

लेखकाने मान्यता दिली की 'व्हर्जन हिस्टरी'त त्या अवस्थेला नाव द्या: 'लेखकाने मान्य केलेला, २ सप्टेंबर'. पुढे वाद झाला तर हे नाव कामी येतं.

मराठी मजकुराच्या खास अडचणी इथेच येतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला लेख डॉकमध्ये चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि बदलल्यावर मूळ पीडीएफ शेजारी ठेवून वाचावाच लागतो. रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे कुठलाही शुद्धलेखन तपासनीस ते पकडणार नाही, तिथे मुद्रितशोधकच हवा. डॉकला 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट लावा, त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतात आणि जोडाक्षरं ठळक वाचता येतात.

हाताने लिहिलेले लेख अजूनही येतात आणि यायला हवेत. छापील पानाचा फोटो ड्राइव्हवरून डॉक्समध्ये उघडला तर मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. हस्ताक्षराच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. क्रोममध्ये डॉक्सचं 'व्हॉइस टायपिंग' मराठीत चालतं. कुणीतरी लेख सावकाश वाचून दाखवला तर टंकनाचे श्रम खूप वाचतात, विरामचिन्हं मात्र हाताने घालावी लागतात.

७. पानं लागली की डॉक बंद

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. मजकूर पानं लावायला गेला की त्या क्षणापासून खरी प्रत पानांवरची. डॉकमध्ये कुणी नंतर दुरुस्ती केली तर ती छापली जाणार नाही, आणि केल्याचं समाधान मात्र मिळेल. म्हणून लेख पाठवल्याबरोबर त्या डॉकवरचे सगळ्यांचे हक्क 'व्ह्यूअर'वर आणा, अगदी मुख्य संपादकांचेसुद्धा.

प्रूफाची पीडीएफ ड्राइव्हवर ठेवली की तिच्यावर शेरे देता येतात: शब्दाभोवती चौकोन करायचा आणि शेजारी लिहायचं. सगळ्यांनी एकाच फाइलवर शेरे द्यायचे. प्रत्येक नवं प्रूफ वेगळी फाइल म्हणून चढवा: 'प्रूफ-१', 'प्रूफ-२'. जुन्यावरच नवी आवृत्ती चढवली तर पीडीएफची आधीची आवृत्ती ३० दिवसांनी पुसली जाऊ शकते, आणि "ही चूक आपण सांगितली होती का?" हे तपासायला काही उरत नाही. पानं लावणाऱ्याशी बोलणारा माणूस एकच ठेवा. पाच जणांचे फोन गेले की तो पाचव्याचं ऐकतो.

८. जाहिराती आणि पैसे

जाहिरातीच्या नोंदीसाठी एक छोटा फॉर्म करा: जाहिरातदाराचं नाव, बिलावरचं नाव, जीएसटी क्रमांक, आकार, रक्कम, साहित्य कधी मिळणार, जाहिरात कुणी आणली. हा फॉर्म आपल्या कार्यकर्त्याने भरायचा. दुकानदाराला लिंक पाठवून भरायला सांगणं मला पटत नाही, तो आपल्यासाठी पैसे देतोय, काम आपण करावं. उत्तरं आपोआप शीटमध्ये येतात. फाइल चढवायचा प्रश्न फॉर्ममध्ये ठेवू नका, त्याला गूगल खात्याने आत यावं लागतं. जाहिरातीची चित्रं व्हॉट्सॲपवर मागवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलं जातं आणि छापल्यावर अक्षरं फुटतात.

पैशांची शीट वेगळी फाइल म्हणून काढा. मुख्य तक्त्यात वेगळं पान करून ते लपवलं तर चालेल, असं वाटतं. चालत नाही, 'एडिटर' हक्क असलेला कुणीही ते उघडू शकतो. लेखकांचे पत्ते, बँक खाती, मानधन हे फक्त अंकाचे दोन जबाबदार लोक बघतील. यूपीआयने पैसे आले की १२ अंकी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर हिशेब जुळत नाही. बँक खात्यांच्या रकान्याला आकडे भरण्याआधीच 'प्लेन टेक्स्ट' स्वरूप द्या, नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात आणि मानधन परत येतं.

९. आठवड्याला एक बैठक, तक्ता समोर ठेवून

फुकट खात्यावर तीन किंवा अधिक जणांची गूगल मीट (व्हिडिओ बैठक) ६० मिनिटांत संपते, आणि तेवढा वेळ भरपूर आहे. पडद्यावर तक्ता, फक्त लाल ओळी वाचायच्या, प्रत्येकीला नवी तारीख किंवा नवं नाव. रविवारी रात्री आठची वेळ चांगली. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेदहा असतात, कॅलिफोर्नियात साडेसात, तिकडचे सदस्यही येऊ शकतात. बोलताना ठरलेलं बोलता बोलताच तक्त्यात भरा, 'नंतर टाकते' म्हणू नका.

गटातल्या ज्येष्ठांपैकी कुणाला तक्ता उघडणं जमत नसेल तर हट्ट धरू नका. त्यांना फोन करा, ते सांगतील ते तुम्ही भरा. त्यांची नजर लेखावर हवी आहे, खाने भरण्यात त्यांची शक्ती घालवू नये.

१०. अंक हातात आल्यावर

लेखकांना प्रती आणि मानधन पोचलं की मुख्य तक्त्यात त्याचे दोन रकाने जोडून खुणा करा. मगच आवराआवर. बाहेरच्या लोकांचे हक्क काढा. सगळा फोल्डर उतरवून घ्या (डॉक्सच्या वर्ड फाइली होऊन झिपमध्ये येतात) आणि छापलेल्या पीडीएफसह एका हार्ड डिस्कवर ठेवा. तक्त्याची 'मेक अ कॉपी' करून ओळी रिकाम्या करा, ड्रॉपडाउन आणि रंग तसेच राहतात, पुढच्या वर्षीचा सांगाडा तयार. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, त्यामुळे एखाद्या वर्षी अंक निघाला नाही तरी कुणीतरी एकाने अधूनमधून त्या खात्यात आत जाऊन यायचं. ते कुणी करायचं त्याचं नावही तक्त्यात लिहा.